मुखवट्याआडचे रूपांतर

जपानी वीरसंघाच्या दूरचित्रवाणी-मालिकेचे पाश्चात्त्य रूपांतर तपासताना ‘भाषांतर’ ही संज्ञा अपुरी पडते. तोएई कंपनीच्या ‘क्योर्यू सेन्ताई ज्यूरेंजर’ (१९९२-९३) या मालिकेवरून ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ ही मालिका सिद्ध झाली व २८ ऑगस्ट १९९३ पासून अमेरिकेत दाखविली गेली. तीत मुखवटाधारी वीरांची युद्धदृश्ये बहुतांशी मूळचीच ठेवून उघड्या चेहऱ्यांचे प्रसंग अमेरिकन नटांकरवी नव्याने चित्रित करण्यात आले. मुखवट्याआडचे ओठ दिसत नाहीत. त्यामुळे त्या देहास कोणतीही भाषा जोडता येते.

या जोडकामाची खूण एके ठिकाणी उघडी राहिली आहे. मूळचा पीतवीर बोई हा पुरुष. रूपांतरात त्याच्या जागी ट्रिनी ही तरुणी आली. संघात दुसरी मुलगी आली, हा लाभच होय. परंतु गुलाबी वेषाला असलेला आखूड झगा पिवळ्या वेषाला नाही, तो या कारणाने.

याहून गंभीर बदल नात्याचा आहे. मूळ कथेतील हरितवीर बुराइ हा नायक गेकीचा सख्खा थोरला भाऊ. पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यास तो धाकट्यावर शस्त्र उगारतो, पुढे त्याच्याशी समेट करतो आणि मोजके उरलेले आयुष्य संपताच मरण पावतो. अमेरिकन टॉमी हा जेसनचा भाऊ नव्हे. चेटकिणीच्या मोहिनीमुळे तो शत्रू होतो. पुढे शक्ती गमावूनही जिवंत राहतो व श्वेतवीर बनतो.

प्रहार तेच राहिले, परंतु त्यांमागील बंधुवैर आणि मरणाची अटळता लोपली. दृश्य जसेच्या तसे उचलले म्हणजे अर्थही सोबत येतो, हे गृहीत धरता येत नाही, हेच या उदाहरणावरून सिद्ध होते.