सत्यवतीचा शेवटचा मुक्काम

आशालता वाबगावकर २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यात कोरोनाने गेल्या. वय ७९. मालिकेच्या चित्रणासाठी त्या तेथे आल्या होत्या. आमच्या सांगलीत जो तो पडद्यावरची आई गेली म्हणून हळहळला. माझ्या लेखी गेली ती ‘मत्स्यगंधा’तील सत्यवती.

गोवा हिंदु असोसिएशनने हे नाटक १९६४ साली रंगभूमीवर आणले. लेखक वसंत कानेटकर सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. तेव्हा गोव्याच्या या मुलीला तिची भूमिका आमच्याच मुलखातील माणसाने दिली, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. पराशराने टाकलेली कोळ्याची पोर पुढे राणी होते आणि सूडापायी कठोर होत जाते. असल्या बाईने मध्येच ताना घेत बसावे, हे कसे शोभेल? आशालताबाईंनी तो हव्यास धरला नाही. अभिषेकींच्या चाली त्या बोलल्यासारख्या गात, म्हणून पद सुरू झाले तरी नाटक थांबत नसे. (‘वन्समोअर’ला सोकावलेल्या आम्हां सांगलीकरांना याची किंमत उशिरा कळते.)

पुढे चित्रपटांनी त्यांना बहुधा आया आणि सासवाच दिल्या. त्यांनी त्या निष्ठेने केल्या. गळा मात्र बाजूला राहिला. आठवणींच्या पुस्तकाला नाव देताना त्यांनी ‘गर्द सभोवती’ हे शब्द घेतले, ते सत्यवतीच्याच पदातले. साथीच्या त्या दिवसांत या वयाची बाई कामावर गेली याचे कौतुक मीही केले. काम कोणते, हे तेव्हा मी विचारले नाही.