निदान आणि निर्मिती : एडव्हार्ड मुंकच्या चित्रांचे एक वाचन

एडव्हार्ड मुंकच्या ‘किंकाळी’ या चित्राच्या १८९३ मधील रंगवलेल्या आवृत्तीवर, डावीकडील वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेली एक अस्पष्ट ओळ आहे. हे चित्र केवळ एखाद्या वेड्या माणसानेच काढलेले असू शकते, असा तिचा आशय. ही ओळ कोणा संतप्त प्रेक्षकाने खरडली असावी, असा तर्क दीर्घकाळ केला जात होता. २०२१ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने अवरक्त छायाचित्रण आणि हस्ताक्षरांची तुलना यांच्या आधारे ती खुद्द मुंकचीच असल्याचे जाहीर केले. १८९५ मध्ये क्रिस्तियानियातील (आजच्या ओस्लोतील) प्रदर्शनानंतर झालेल्या चर्चेत एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने चित्रकाराच्या मानसिक आरोग्याविषयीच जाहीर शंका घेतली होती. ही ओळ त्या आरोपाचा प्रतिध्वनी असावी, असे अभ्यासक मानतात.

या शोधामुळे जो प्रश्न उपस्थित होतो तो हस्ताक्षरशास्त्राचा नाही, तो समीक्षेचा आहे. कलाकृतीकडे कलावंताच्या मनोव्याधीचे लक्षण म्हणून पाहावे काय? मुंकचे चरित्र या दृष्टीला पुरेपूर सामग्री पुरवते. १८६८ मध्ये आई आणि १८७७ मध्ये मोठी बहीण सोफी, दोघीही क्षयाने गेल्या. धाकटी बहीण लॉरा मनोरुग्ण झाली. १९०८ च्या शरद ऋतूत तो स्वतः कोसळून कोपनहेगनमधील डॉ. डॅनिएल याकोबसेन यांच्या रुग्णालयात दाखल झाला. भय आणि आजार नसते तर आपले आयुष्य सुकाणूविना भरकटले असते, अशा अर्थाचे त्याचे स्वतःचे लेखनही उपलब्ध आहे. तेव्हा चरित्रात्मक समीक्षेने चित्रांना आजाराची दैनंदिनी ठरवले, यात नवल नाही.

परंतु लक्षण आणि चिन्ह यांत मूलभूत भेद आहे. लक्षण आपोआप प्रकटते. चिन्ह योजावे लागते. ‘आजारी मूल’ या चित्राचा इतिहास येथे निर्णायक ठरतो. सोफीच्या मृत्यूच्या स्मृतीतून आलेल्या या चित्राची पहिली आवृत्ती १८८५–८६ मधील. तिच्यातील रंगाचे थर मुंकने वारंवार चढवले, खरवडले, पुन्हा चढवले. पुढे सुमारे चाळीस वर्षांत त्याने याच विषयाच्या एकूण सहा आवृत्त्या रंगवल्या. यावर आक्षेप घेता येईल, की पुनरावृत्ती हेच आघाताचे लक्षण असते; फ्रॉइडने १९२० मध्ये पुनरावृत्तीच्या सक्तीची मीमांसा केलीच आहे. आक्षेप रास्त आहे. मात्र तो विषयाच्या निवडीपुरताच खरा आहे. १८९६ च्या शिलामुद्रणात मुंक खोली, पलंग, शोकाकुल स्त्री हे सारे वगळतो आणि उशीवर टेकलेले मुलीचे मस्तक तेवढे ठेवतो. तेच मस्तक तो निरनिराळ्या रंगांत छापून पाहतो. कोणता तपशील गाळल्यावर दुःख अधिक तीव्र होते, याचा हा शोध आहे. आघात विषय देतो. वगळण्याचा निर्णय मात्र त्याला घेता येत नाही.

‘किंकाळी’तही हीच प्रक्रिया आहे. मुंकच्या टिपणांनुसार किंकाळी निसर्गातून उमटते. चित्रातील आकृती ती ऐकते आणि कान झाकून घेते. आकाश, खाडी आणि आकृती एकाच वळणदार रेषेत लहरतात. पुलाचा कठडा मात्र ताठ, सरळ कर्णासारखा धावतो आणि त्या सरळ रेषेच्या टोकाशी दोन माणसे निर्विकार उभी आहेत. ज्याला ऐकू येते आणि ज्यांना येत नाही, त्यांच्यातील अंतर असे रेषांच्या विरोधातून सिद्ध होते. आकृतीला केस नाहीत, वय नाही, लिंगही निश्चित नाही. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाचे याहून स्पष्ट उदाहरण दृश्यकलेत क्वचितच आढळेल : व्यक्तिविशेष गळून पडल्यामुळेच भय प्रेक्षकाला भोगता येते. वैद्यकीय निदान याच्या नेमके उलट करते. ते भयाला पुन्हा एका माणसाच्या नावावर जमा करते.

साधारणीकरणालाही मर्यादा आहे आणि मुंकला तिचे भान होते. १९०० च्या सुमारास काढलेल्या ‘विषण्णता’ या चित्रातील लॉरा ही लॉराच आहे. लाल मेजाशेजारी ती स्थिर बसली आहे, खिडकीबाहेरचा उजेड तिच्यापर्यंत पोहोचत नाही. येथे प्रेक्षकाला तिच्या मनात प्रवेश दिला जात नाही. दुसऱ्याच्या व्याधीपुढे चित्रकार दारातच थांबतो, हा संयम ‘किंकाळी’च्या तीव्रतेइतकाच महत्त्वाचा आहे.

रुग्णालयातील वास्तव्यात, १९०९ मध्ये, मुंकने डॉ. याकोबसेन यांचेच पूर्णाकृती व्यक्तिचित्र काढले. कमरेवर हात, पाय फाकलेले, पाठीमागे धगधगते रंग. मिशेल फूको यांनी १९६१ मधील ग्रंथात वेडेपणावर बोलण्याचा अधिकार विवेकाने आपल्याकडे कसा घेतला, हे दाखवले. या चित्रात पाहणारा रुग्ण आहे आणि पाहिला जाणारा वैद्य. तरीही हे चित्र उपचारांविरुद्धचे बंड ठरत नाही. मुंकने उपचार स्वीकारले, मद्य सोडले आणि त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षे काम केले. ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहातील ‘सूर्य’ आणि १९४०–४३ मधील घड्याळ व पलंग यांच्यामधले आत्मचित्र ही याच काळातील निर्मिती.

वेड हेच प्रतिभेचे मूळ, या रोमँटिक समीकरणात एक क्रौर्य दडलेले आहे : त्यानुसार कलावंताचे बरे होणे हे कलेचे नुकसान ठरते. १९०९ नंतरच्या मुंककडे झालेले दुर्लक्ष बऱ्याच अंशी या समीकरणाचे फळ आहे. साहित्यसमीक्षाही कवीच्या नैराश्याला कवितेची किल्ली मानते, तेव्हा हीच चूक करते. पेन्सिलीची ती ओळ येथे मार्गदर्शक ठरावी. मुंकने जगाचे निदान पुसले नाही, खोडूनही काढले नाही. ते चित्राच्या पृष्ठभागावर आणून त्याने त्याला चित्राचाच एक घटक केले. त्यामुळे निदान आता वाचकाच्या हाती राहत नाही. त्याचेही वाचन करावे लागते.