एजंट उदंड झाले, जबाबदार कोण?

सॉफ्टवेअर एजंटला फक्त काम सांगायचे असते. ते पुरे करायला माहिती कुठून आणायची, कोणती यंत्रणा वापरायची आणि कोणत्या क्रमाने, हे तो आपले आपण ठरवतो. असा एजंट उभा करणे आज इतके सोपे झाले आहे की अभियांत्रिकीचा विद्यार्थी एका दुपारभरात करून दाखवतो. पण एका जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी विसंबून राहावे असा एजंट अजून दुर्मीळ आहे. हे अंतर मोजायला मध्य प्रदेशातले, महाराष्ट्राच्या सीमेवरचे पांढुर्णा आणि सौसर हे तालुके फार सोयीचे आहेत.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा आणि सौसर वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. इथे घरात, बाजारात आणि बांधावर मराठी चालते, सरकारी कागद मात्र हिंदीत असतो. पलीकडे महाराष्ट्रात सातबारा आणि तलाठी, इकडे खसरा, बी-१ आणि पटवारी. योजना भोपाळच्या, पण संत्र्याची ओढ नागपूर-वरुडच्या बाजाराकडे. बागेचे शास्त्र पाहायचे तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की बागायतदाराला एका दमात चार गोष्टी हव्या असतात: फवारणी कोणती, पाऊस येतो काय, विम्याचे काही जमेल काय आणि नागपूरच्या कळमना बाजारात आज भाव काय. दोन राज्ये आणि चार दारे असलेला हा प्रश्न. चार ठिकाणची माहिती आणून एक उत्तर जुळवणे हाच तर एजंटचा दावा आहे.

हा दावा नवा नाही. १९७३ मध्ये कार्ल हेविट यांनी संदेशांवर चालणाऱ्या स्वतंत्र ‘अ‍ॅक्टर’ची कल्पना मांडली. १९८० मध्ये रीड स्मिथ यांचा ‘काँट्रॅक्ट नेट’ आला. त्यात एक घटक काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात आणि योग्य वाटेल त्याला काम मिळते. १९९६ मध्ये ‘फिपा’ ही संस्था एजंटांच्या संवादाचे नियम ठरवू लागली. टेलिकॉम इटालिया आणि पार्मा विद्यापीठ यांचे ‘जेड’ हे फ्रेमवर्क त्याच नियमांवर उभे राहिले. प्रत्येक संदेश विनंती आहे, होकार आहे की नकार, हे त्यात स्पष्ट नोंदलेले असे. शिस्त उत्तम, पण प्रत्येक परिस्थितीचा नियम माणसाने हाताने लिहायचा असल्याने ती पिढी मुख्यतः प्रयोगशाळेपुरती राहिली. खऱ्या मोठ्या पसाऱ्यात टिकली ती एरिक्सनची ‘एर्लांग’ ही भाषा. टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेल्या या भाषेत हजारो छोट्या प्रक्रिया चालतात. एखादी कोसळली तर तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया तिला पुन्हा उभी करते. चूक होणारच, असे धरूनच तिची रचना केली होती.

आजच्या पिढीची सुरुवात ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. भाषा-मॉडेलने विचार आणि कृती आलटून-पालटून करावी, हे सांगणारा ‘रिअ‍ॅक्ट’ हा शोधनिबंध आणि ‘लँगचेन’ हे फ्रेमवर्क एकाच महिन्यात आले. २०२३ मध्ये ‘ऑटोजीपीटी’ने धमाल उडवली आणि तो गोल गोल फिरत राहतो हेही लवकरच दिसले. मग मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोजेन’, ‘क्रूएआय’ आणि इतर आले. एक एजंट व्यवस्थापक, दुसरा संशोधक, तिसरा लेखनिक, अशी सभा भरवण्याची तेव्हा फॅशन झाली. प्रात्यक्षिकात ती सभा छान दिसते. बर्कलीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अशा अनेक-एजंट रचना तपासून अपयशाचे चौदा प्रकार नोंदवले. कामाची धड वाटणी नसणे, एजंटांचा आपसात मेळ नसणे आणि शेवटी निकाल कोणी न तपासणे, असे त्यांचे गट पडतात. मॉडेल अधिक हुशार केल्याने हे दोष आपोआप जात नाहीत.

त्यामुळे खरी प्रगती दुसरीकडे झाली, असे माझे मत आहे. ‘लँगग्राफ’सारख्या फ्रेमवर्कमध्ये पायऱ्यांचा आराखडा आधी आखता येतो, प्रत्येक टप्प्याची स्थिती साठवता येते आणि माणसाच्या परवानगीसाठी काम मध्येच थांबवता येते. एजंटला बाहेरच्या साधनांशी जोडण्यासाठी अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एमसीपी’ हा खुला करार आणला. दोन एजंटांनी परस्परांशी बोलावे म्हणून गूगलने एप्रिल २०२५ मध्ये ‘ए-टू-ए’ आणला आणि पुढे तो लिनक्स फाउंडेशनकडे दिला. म्हणजे तीन वर्षांच्या उड्या मारून गाडी पुन्हा फिपा आणि एर्लांगच्याच धड्यांपाशी आली: करार स्पष्ट हवा, स्थिती साठवलेली हवी आणि चूक सावरण्याची सोय हवी.

या सावधपणाला साधे गणित पुरेसे आहे. प्रत्येक पायरी शंभरात ९५ वेळा बरोबर होत असेल, तर दहा पायऱ्यांचे काम पूर्ण बरोबर होण्याची शक्यता ६० टक्केच उरते. वीस पायऱ्यांना ती ३६ टक्क्यांवर येते. सिएरा कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘टाउ-बेंच’ ही चाचणी केली. ग्राहकसेवेची निम्मी कामेही तेव्हाच्या आघाडीच्या मॉडेलला पुरी करता आली नाहीत, आणि तेच काम आठही वेळा बरोबर करण्याचे प्रमाण किरकोळ विक्रीच्या विभागात २५ टक्क्यांच्या खाली गेले. मॉडेले तेव्हापासून सुधारली आहेत. पण सरासरी यश आणि दर वेळचे यश यांतला फरक चाचणीने नेमका दाखवला. बागेत एका बहाराचा हंगाम वर्षाला एकदाच येतो, तिथे सरासरीचा उपयोग थोडा.

आपल्याकडची सरकारी वाटचाल २००४ च्या किसान कॉल सेंटरपासून सुरू होते. २०२२ मध्ये ‘भाषिणी’ने भारतीय भाषांच्या अनुवादाचा आणि आवाजाचा पाया घातला. २०२३ मध्ये पीएम-किसानसाठी ‘किसान ई-मित्र’ आला. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ अ‍ॅप आणले आणि त्याच वर्षी जूनमध्ये कृषी-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. याच्या जोडीला ‘अ‍ॅग्रीस्टॅक’ या सरकारी माहितीव्यवस्थेच्या तीन नोंदी आहेत: शेतकरी, गावनकाशे आणि पेरलेले पीक. सध्या हे एजंट बहुतांशी माहिती देतात आणि तिथेच थांबतात. पहिल्या टप्प्यात ते योग्यही आहे.

सीमेवर मात्र एक दोष उघडा पडू शकतो, आणि तो चाचणीत सहसा कोणी शोधतही नाही. सौसरचा माणूस मराठीत बोलला की यंत्रणा त्याला महाराष्ट्रात बसवण्याचा धोका असतो. मराठीतले कृषी-साहित्य, योजनांची पत्रके आणि प्रश्नोत्तरे बहुतेक महाराष्ट्राचीच आहेत. मग ‘आंबियाचा ताण कवा तोडू?’ याचे उत्तर बरोबर येईल, कारण संत्र्याला राज्याची सीमा कळत नाही. पण अनुदानाचे विचारले, तर महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, सातबारा जोडा, असे सफाईदार आणि पूर्णपणे चुकीचे उत्तर मिळू शकते. हिंदीत विचारले तर योजना बरोबर येईल, पण बोलणाऱ्याच्या मनातले नेमकेपण जाईल. भाषेवरून राज्य ओळखणे ही रचनेतली चूक आहे. राज्य ठरवायचे ते शेतकरी-नोंदीवरून. अधिकारक्षेत्र ही आराखड्यातली वेगळी, सक्तीची पायरी हवी. ते कळत नसेल तर एजंटने आधी विचारावे, नंतर बोलावे.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. भाव चुकीचा सांगितला तर फोन करून दुरुस्त होतो. औषधाचे प्रमाण चुकले किंवा अर्ज भलत्या नावाने गेला तर होत नाही. म्हणून फवारणीचा सल्ला फक्त मान्य शिफारशींतून, स्रोतासह यावा, आणि तो सापडला नाही तर एजंटने स्वच्छ नकार द्यावा. अर्ज भरण्याआधी शेतकऱ्याचा स्पष्ट होकार घ्यावा. कोणी, कधी, कशाच्या आधारे काय सांगितले याची नोंद पटवाऱ्यालाही वाचता यावी.

तेव्हा कोणते फ्रेमवर्क निवडावे, हा आजचा सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न आहे. ती दर सहा महिन्यांनी बदलतात. निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुरवठादाराला तीन गोष्टी विचाराव्यात: एजंट कुठे थांबतो, चुकला तर निस्तरतो कोण, आणि चाचणी कोणत्या गावात, कोणत्या बोलीत घेतली. तिसऱ्या प्रश्नाला ‘पांढुर्णा’ असे उत्तर देता येईल, त्याच यंत्रणेला मोठ्या पल्ल्याची म्हणावे.