व्ह्यूफाइंडर, फोकस आणि ‘निर्णायक क्षण’

छायाचित्रणाच्या समीक्षेत ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की तिच्या मर्यादा तपासण्याची गरज सहसा भासत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ मधील ग्रंथाच्या मूळ फ्रेंच शीर्षकात निर्णायकतेचा उल्लेखच नाही. घाईने, लपतछपत टिपलेल्या प्रतिमा असा त्याचा आशय आहे. इंग्रजी शीर्षकाने ‘क्षण’ पुढे आणला आणि समीक्षेने सारे श्रेय शटर दाबणाऱ्या बोटाला दिले. भिंगाचे कडे फिरवणारा हात दुर्लक्षितच राहिला.

वस्तुतः हाताने फोकस करावयाच्या फिल्म कॅमेऱ्यात पाहण्याची रीतच यंत्रागणिक बदलते. १९५४ च्या लायका एम-३ सारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात जवळचे व दूरचे सारे सारखेच स्पष्ट दिसते. मध्यभागी असलेल्या लहान चौकोनातील दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस साधतो. चित्रात काय धूसर होईल, हे मात्र कल्पनेनेच जाणावे लागते. याउलट १९५९ च्या निकॉन एफ सारख्या एसएलआरमध्ये भिंगातून आलेली प्रतिमाच आरसा व प्रिझम यांच्याद्वारे डोळ्यापर्यंत पोहोचते. येथे धूसरता आधीच दिसते. परंतु शटर उघडण्यापूर्वी आरसा वर उचलला जातो व दृश्य लोपते. ज्या क्षणाचा एवढा गौरव होतो, नेमका तोच क्षण एसएलआरच्या छायाचित्रकाराला दिसत नाही!

या संज्ञेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागील १९३२ चे छायाचित्र. तेथे तर व्ह्यूफाइंडरचा उपयोगच झाला नाही. कुंपणाच्या फटीत भिंग कसेबसे मावले, आपल्याला काही दिसत नव्हते, असे कार्तिए-ब्रेसाँ यांनीच पुढे सांगितले आहे. चित्राची डावी कड फळीआड गेल्याने छाटावी लागली. अशा स्थितीत अंतर अंदाजानेच लावलेले असणार. उडी मारणारी आकृती पुसट आहे, ती गतीमुळे. पाण्यात आडवी पडलेली शिडी व मागील भित्तिपत्रके तुलनेने रेखीव आहेत. गतीची धूसरता आणि फोकसची धूसरता यांत समीक्षक फरक करीत नाहीत, म्हणूनच हे चित्र केवळ तत्पर नजरेचे फलित ठरवले जाते. प्रत्यक्षात त्यातील स्पष्टता, माणसाने उडी घेण्यापूर्वीच, भिंगावरील अंतराच्या आकड्यांत निश्चित झालेली होती.