सामूहिक लेखनातील संपादकधर्म

श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या २३ खंडांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’मागे, तसेच ‘मराठी विश्वकोशा’मागे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या रूपाने, एक उत्तरदायी संपादक उभा होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला असा प्रमुख संपादक नाही. तेथे जो वाचक तोच लेखक, आणि तोच संपादक. या उदार व्यवस्थेने संपादकपद नाहीसे केले, असा समज मात्र चुकीचा होय. तिने ते पद सर्वांत वाटून दिले आहे. म्हणून त्याची जबाबदारीही प्रत्येकाकडे आली आहे.

या जबाबदारीचा विसर पडला की ज्ञानकोशात गौरवपर भाषा शिरते. ‘निसर्गाचे वरदान लाभलेला बालाघाट’ या शब्दांतून वाचकाच्या हाती काय लागते? बालाघाट ही मराठवाड्यातील डोंगररांग, की वैनगंगेच्या खोऱ्यातील मध्य प्रदेशचा जिल्हा, हेदेखील त्यास उमगत नाही. याउलट, ‘या जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची व भरवेली येथे मँगनीजची खाण आहे’ हे वाक्य साधे असूनही उपयोगी आहे. शेजारी आधारग्रंथ दिल्यास ते विश्वसनीयही होते. विशेषणे वगळून जे उरते, तेच ज्ञानकोशाचे खरे द्रव्य.

दुसऱ्याच्या लेखनास हात लावणे याहून कठीण. आपल्या परंपरेत त्याचा आदर्श एकनाथांनी घालून दिला. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये, असे बजावले. तेथे मूळ कवीचा शब्द राखावयाचा होता. येथे अधिक चांगल्या वाक्यासाठी जुने वाक्य बदलता येते, हा भेद खरा. पण संपादकाने स्वतःस मिरवू नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. निराधार वाटणारे विधान पुसण्यापूर्वी आधार शोधावा, मतभेद चर्चापानावर मांडावा, बदलाचे कारण नोंदवावे. पानाच्या इतिहासात प्रत्येक जुना पाठ राहत असल्याने घाईची खोडाखोड झाकली जात नाही. नवख्याने आधी ‘धूळपाटी’वर हात बसवावा, ते नावच पाटीवरल्या धुळाक्षरांची आठवण देणारे आहे.

१९५६ च्या पुनर्रचनेनंतर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे राहिलेल्या आम्हां मराठी भाषकांना या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. आमच्या गावांविषयी मराठीत लिहिणारे हात थोडे. तेव्हा लिहिलेले एखादे चुकीचे वाक्य दुरुस्त होण्यास फार काळ लागतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून नवे पान लिहवून घेण्याआधी एका जुन्या पानातील एक निराधार वाक्य शोधून त्याचा आधार ग्रंथालयात धुंडाळावयास लावावे. आधार न मिळाल्यास तसे चर्चापानावर नमूद करणे हेही संपादनच होय.