भीती १२० पिक्सेलांत बसते का?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तुमच्या गेमचं कव्हर सर्वात छोटं दिसतं, तेव्हा ते १२० बाय ४५ पिक्सेलचं असतं. नातेवाइकांनी पाठवलेला ‘शुभ सकाळ’चा फोटो डाउनलोड व्हायच्या आधी जेवढा धूसर दिसतो, साधारण तेवढाच ऐवज. आणि एवढ्याशा पट्टीने अनोळखी माणसाला थांबवायचं, अस्वस्थ करायचं आणि वर क्लिकही करायला लावायचं.

मी गेम बनवत नाही. माझा विषय वन्यजीव, आणि दिवसाचा बराच वेळ कॅमेरा ट्रॅपचे फोटो चाळण्यात जातो. एका स्क्रीनवर चाळीस-पन्नास थंबनेल असतात. त्यातली बहुतेक रिकामी: वाऱ्याने हललेलं गवत, गावची गाय, सायकलवरचा माणूस. कुठल्या चौकटीवर नजर अडकते आणि कुठली सरळ निसटून जाते, हे अशा कामात रोज बघायला मिळतं. म्हणूनच बहुधा, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ओळखीच्या पोरांनी आपापल्या हॉरर गेमची कव्हरं मला मत विचारायला पाठवली. दोन-तीन जणांची वर्ष-वर्षाची मेहनत त्या एका चित्राच्या मागे उभी आहे. पहिला पेपर लिहायच्या तयारीत असलेल्या तुम्हालाही हे कामाचं वाटेल. शोधनिबंधाचं शीर्षकही यादीत असंच अर्ध्या सेकंदात वाचलं जातं किंवा राहून जातं.

या कव्हरांची पहिली तक्रार म्हणजे काळोख. काळं जंगल, काळं धुकं, मधोमध काळी आकृती. पूर्ण स्क्रीनवर हे छान दिसतं. पण स्टीमचं पान मुळातच गडद निळं-काळं आहे. त्यावर काळं कव्हर ठेवलं की ते चित्र न दिसता भोक दिसतं. आपल्याला अंधाराची भीती वाटते, कारण त्यात काहीतरी अर्धवट दिसतं. काहीच दिसत नसेल तर भीती कशाची?

आता ‘लिम्बो’ बघा. कोपनहेगनच्या प्लेडेड या स्टुडिओने २०१० मध्ये आणलेला हा गेम पूर्ण काळा-पांढरा आहे, तरी तो गर्दीत हरवत नाही. कारण त्यातलं काळं हे पांढऱ्या धुक्यावरचं काळं आहे. झाडं सावलीसारखी, पोरगाही सावलीसारखा, आणि त्या सावलीत डोळ्यांचे दोन पांढरे ठिपके. माझ्या मते या ठिपक्यांमध्येच सगळी करामत आहे. रात्री टॉर्च मारला तर चितळाचे, बिबट्याचे, वाघाचे डोळे चमकतात. त्यांच्या डोळ्यांत रेटिनाच्या मागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा परावर्तक थर असतो. माणसाच्या डोळ्यात तो नाही, त्यामुळे माणसाचे डोळे असे चमकत नाहीत. ‘लिम्बो’तला पोरगा माणसाचा, डोळे मात्र जनावराचे. हे शास्त्र ठाऊक नसलेल्यालाही काहीतरी चुकतंय असं वाटतं आणि बोट थांबतं. दोन ठिपक्यांत एवढं काम झालेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

‘लिटल नाइटमेअर्स’ (२०१७) रंगावर चालतं. सगळं जग मळकट, आणि त्यात पिवळा रेनकोट घातलेलं एक इवलंसं पोर. इथे वाघाची आठवण काढायलाच हवी. एवढा भगवा प्राणी हिरव्या जंगलात लपतो कसा? चितळ-सांबर यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे त्यांना तो भगवा रंग हिरवटच दिसतो. आपल्याकडे तीन प्रकारच्या असतात, म्हणून आपल्याला वाघ उठून दिसतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीने हाच मुद्दा तपासला होता. कव्हर बनवणाऱ्याने वाघाच्या उलटं वागायचं असतं: बघणारा कोण आहे ते ओळखून त्याच्या डोळ्याला नेमकं टोचेल असं एकच काहीतरी ठेवायचं. पिवळा रेनकोट तेच करतो. पण एकच. दोन रेनकोट ठेवले तर शाळेची सहल झाली.

‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ (२०१४) बद्दल थोडक्यात. स्कॉट कॉथनच्या आधीच्या गेममधली पात्रं लहान मुलांसाठी होती, पण ती भीतीदायक यांत्रिक बाहुल्यांसारखी दिसतात अशी टीका झाली, आणि त्याने तीच भीती भांडवल म्हणून वापरली. अंधारातून पुढे आलेला अस्वलाचा चेहरा कुठल्याही आकारात ओळखू येतो, कारण चेहरा शोधणं आपल्या मेंदूला फार लवकर जमतं. त्यानंतर नकला इतक्या झाल्या की दात विचकणारा चेहरा दिसला की मी पुढे सरकतो. तुम्हीही सरकत असाल.

आता अक्षरांकडे येतो, कारण इथे आपला प्रश्न वेगळा आहे. सर्वात छोट्या पट्टीत नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापावी, अशी स्टीमचीच सूचना आहे. म्हणजे तिथे नाव हेच चित्र. आणि आपली पोरं काय करतात? इंग्रजी हॉररमधून उचललेला रक्त ठिबकणारा फॉन्ट देवनागरीला लावतात. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, खाली दोन थेंब लोंबले तरी वाचता येतात. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते. शिरोरेषेतून रक्त ठिबकवलं की थेंब थेट अक्षराच्या पोटात पडतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला मोठा फरक म्हणजे शिरोरेषेतली बारीकशी फट. ती रक्ताने भरली की संपलं. एका कव्हरवर ‘भूत’ या शब्दाचं छोट्या आकारात काय झालं होतं ते मी लिहीत नाही, तुम्ही ‘भ’च्या जागी ‘म’ ठेवून वाचा. मला विचाराल तर शिरोरेषेला हातच लावू नका. ती तोडायचीच असेल तर एका जागी, मुद्दाम तोडा. काही आडवे-तिडवे फराटे मारण्यापेक्षा ती एक तुटलेली रेघ जास्त अस्वस्थ करते.

कोणी म्हणेल, झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं बघा, त्यावर चेहऱ्यांची गर्दी असते, भडक अक्षरं असतात, तरी पब्लिक तुटून पडतं. खरं आहे. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथल्या कंपन्यांची नाटकं दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालतात. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, इतकी ही रंगभूमी भक्कम आहे. पण ते पोस्टर पानठेल्यावर उभं राहून वाचलं जातं. नट ओळखीचे असतात, गावात मंडई कधी आहे हेही माहीत असतं. वाचणारा आधीच अर्धा तयार असतो. स्टीमवरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही आणि उभाही राहत नाही. शिवाय १ सप्टेंबर २०२२ पासून तिथे कव्हरवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कार, परीक्षणातले तारे, ‘५० टक्के सूट’, काही लिहायचं नाही. झाडीपट्टीचं पोस्टर चांगलंच आहे, फक्त त्याचं काम वेगळं आहे.

सर्वात मोठा आक्षेप मात्र वाघावर. आपल्याकडच्या हॉरर कव्हरांवर हटकून डरकाळी फोडणारा, लाल डोळ्यांचा वाघ असतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं खरोखर वाघाच्या हल्ल्यात जातात. त्या घरांसाठी वाघ म्हणजे गेममधला राक्षस नाही, आणि त्याला राक्षस करून विकलं तर उरलेला राग कुठे जाईल, याचाही विचार करा. पण नीतिमत्ता बाजूला ठेवली तरी हे चित्र म्हणून कच्चं आहे. जंगलात वावरणाऱ्या कुणालाही विचारा, भीती वाघ दिसल्यावर सुरू होत नाही. आधी वानर खाकरतं, चितळ ओरडतं, आणि मग सगळं गप्प होतं. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आलं असं सांगतात, तो गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. त्या गोष्टीतही मनात राहतो तो माणूस, जबडा नव्हे.

मी सुचवलेलं कव्हर असं. कॅमेरा ट्रॅप आम्ही साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतो. त्या उंचीवरून बघा: पानं झडलेला सागवान, फिकट उन्हाळी जमीन, आणि सात-आठ चितळं, सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळलेल्या. कान उभे, एकाने पुढचा पाय उचललेला. वाघ चित्रात नाही, कारण बघणारा त्याच्याच जागी उभा आहे. रात्रीची आवृत्ती हवी असेल तर फक्त चमकणाऱ्या डोळ्यांच्या जोड्या, आणि छोट्या पट्टीत नावाशेजारी एकच जोडी.

हे चालेल का, ते माझ्या मतावर ठरवू नका, तपासा. वीस कव्हरांचं एक पान खऱ्या आकारात बनवा, त्यात आपलं एक ठेवा, प्रत्येक माणसासाठी त्याची जागा बदला. पान दोन सेकंद दाखवून झाका. ‘आवडलं का?’ विचारू नका, ‘काय काय दिसलं?’ एवढंच विचारा. तुमचा गेम माहीत असलेले मित्र यात धरू नका. नंतर स्टीमवर कव्हर बदलाल तेव्हा ते सेलच्या आठवड्यात बदलू नका. भेटी वाढल्या तर त्या चित्रामुळे की सवलतीमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. दहापैकी सात जण म्हणाले ‘जंगल होतं’, तर चित्र परत काढायला घ्या. ‘हरणं होती, आणि ती माझ्याकडेच बघत होती’ असं म्हणाले, तर पुढची दोन रूपं त्याच चित्रातून कापा.