उपचार मार्गदर्शिका : समावेशाची तत्परता, वगळण्यातील दिरंगाई

कोविड-१९ च्या काळात केंद्र शासनाच्या यंत्रणांनी काढलेल्या उपचार मार्गदर्शिका हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. नव्या रोगात पुरावा तुटपुंजा असतो आणि रुग्ण तर दारात उभा असतो. तेव्हा या मार्गदर्शिका घाईने काढल्या, ही टीका योग्य नव्हे. किंबहुना घाई आपल्याला चांगली जमते. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हा ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. २७ जूनच्या सुधारित मार्गदर्शिकेत ते औषध दाखल झाले. अवघे अकरा दिवस!

प्लाझ्माची गोष्ट वेगळी. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे आजाऱ्याला द्यावीत, ही कल्पना जुनी आणि पटण्याजोगी आहे. १३ जून २०२० च्या मार्गदर्शिकेत ती 'प्रायोगिक उपचार' या सदरात आली. डॉक्टरांना या शब्दाचा अर्थ कळतो. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातील कुटुंबाच्या हाती मात्र मार्गदर्शिका येत नाही, चिठ्ठी येते. आणि चिठ्ठीवर सदराचे नाव नसते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याच प्लाझ्माची 'प्लॅसिड' ही चाचणी एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केली. साथीच्या ऐन भरात अशी चाचणी उभी करणे हे मोठेच काम होते. आजार बळावणे किंवा २८ दिवसांत मृत्यू, याचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के निघाले. ऑक्टोबर २०२० मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. प्लाझ्मा देण्यापूर्वी त्यातील प्रतिपिंडे मोजली नव्हती, हा आक्षेप घेतला गेला व तो रास्तही होता. नोव्हेंबरात परिषदेने सरसकट वापर टाळण्याची सूचना केली. तरीही २२ एप्रिल २०२१ च्या एकपानी तक्त्यात प्लाझ्मा कायम राहिला : शक्यतो पहिल्या सात दिवसांत, आणि भरपूर प्रतिपिंडे असलेलाच. दुसऱ्या लाटेत, नातेवाईक दात्यासाठी वणवण फिरत असताना, हे मोजणार कोण होते?

१४ मे २०२१ रोजी 'लॅन्सेट'मध्ये 'रिकव्हरी'चा ११,५५८ रुग्णांवरील निष्कर्ष आला. दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्के. १७ मे रोजी आपल्याकडे प्लाझ्मा वगळला गेला. स्वदेशी चाचणीनंतर सात महिने, विलायती चाचणीनंतर तीन दिवस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सप्टेंबर २०२० पासूनच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक शिफारशीपुढे तिचे बळ, पुराव्याची खात्री आणि कारणमीमांसा असते. आपल्या तक्त्यातही 'मर्यादित पुरावा' असे लिहिले होते, हे मान्य केले पाहिजे. पण कोणता पुरावा, बाजूचा की विरोधाचा, हे लिहिलेले नव्हते.

वर्गात १३ जून २०२०, २२ एप्रिल २०२१ आणि १७ मे २०२१ हे तीन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत. तिसऱ्यातून प्लाझ्मा गेला आहे. का गेला, हे मात्र त्यात शोधून सापडत नाही.